डावखुऱ्याची मूठ

चहा उकळतोय तोवर सांगतो. मी माझ्या नव्या रायफलीचा बोल्ट घडवून घेत होतो. बोल्ट म्हणजे मुठीला धरून मागेपुढे सरकवायचा, काडतूस आत ढकलणारा दांडा. मी डावखुरा. इथे परदेशात, ॲथलोनजवळचा बंदुकांचा कारागीर पॅट म्हणाला, "मग मूठ डावीकडे घे. जन्मभर रायफलीवरून हात पलीकडे नेणार आहेस का?"

तसा हात न्यायला मला बाबांनी शिकवले होते. तेही डावखुरे, आणि नागपुरात एनसीसीच्या रायफलींना मूठ उजवीकडेच असे. मी त्यांना पॅटच्या दुकानातूनच फोन लावला.

"डावीकडे? छान," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण उजवीकडेच घे बाप्पा. मी तिकडे आलो, तर या वयात नवी सवय लागायची नाही."

"केव्हा येताय?"

"गुडघे जरा बरे होऊ देत."

डॉक्टरांनी त्यांना विमानप्रवास कायमचा वर्ज्य केला आहे, हे आम्ही दोघेही जाणून होतो.

पॅट पेन्सिल घेऊन थांबला होता. "डावीकडेच ना?"

"उजवीकडे."

"अरे, डावखुरा आहेस तू."

"आहे. पण ती आम्हा दोघांना चालवायची आहे."