समोरच्याचं मीठ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या व्यापारी मंडळाचे प्रमुख आणि काटे-वजनांचे विक्रेते; प्रमुख पाहुणे, म्हणजे ज्यांच्यापुढे आपण सगळे कधी ना कधी जीभ बाहेर काढून बसलो आहोत ते आपले डॉक्टरसाहेब; व्यासपीठावरील इतर मान्यवर; आजचे सत्कारमूर्ती; त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी; आणि सभागृहात जमलेल्या व्यापारी बंधूंनो, भगिनींनो आणि आम्हा दोघांच्या गिऱ्हाइकांनो,

मला भाषणाची सवय नाही. माझं दिवसभराचं बोलणं म्हणजे "बारीक करू का?" आणि "हाडं वेगळी बांधू का?" एवढंच. पण अध्यक्ष दुकानात आले आणि म्हणाले, तुम्हीच बोला, तुमच्याइतकं त्यांना कोणी पाहिलेलं नाही. हे मात्र खरं आहे. आमची दोघांची मटणाची दुकानं समोरासमोर. मधला रस्ता इतका अरुंद की हातगाडी आली तर दोघांनाही पायरीवरचं सामान आत घ्यावं लागतं. त्यांची सुरी दगडावर घासली की मला ऐकू येते, मी शिंकलो की ते तिकडे मान वर करतात. इतकी वर्षं पाहिलं, पण बोललो कधी नाही. आमच्या घरात त्यांचं नावसुद्धा कोणी घेत नाही. "समोरचा" म्हणतात. आज सत्कार आहे म्हणून मी "समोरचे" म्हणतो आहे. पुढे कळलं की त्यांच्या घरात मीही "समोरचा"च होतो.

आता अशा भाषणात माणसाचे गुण सांगायचे असतात, तर सांगतो. दुकान वेळेवर उघडणं. वजनात कधी खोट नाही. काटे अध्यक्षांचे आहेत, तेव्हा यातलं थोडं श्रेय त्यांनाही द्यावं लागेल. दात नसलेल्या गिऱ्हाइकाला न मागता मऊ तुकडा देणं. हे सगळं आहेच. पण खरं सांगा, तुम्ही एवढ्यासाठी त्यांच्याकडे जात होता का? तुम्ही मसाल्यासाठी जात होता.

"घरचा मसाला लावून मिळेल" हा फलक त्यांनी लावला तेव्हा मी हसलो होतो. आपण मटण विकावं, मसाला ज्याने त्याने आपल्या घरी वाटावा, असं माझं मत होतं. दुपारपर्यंत माझी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली आणि माझं मत बदललं. संध्याकाळी माझ्याही दुकानावर फलक लागला: "आमच्याकडेही."

फलक लावणं सोपं असतं हो. माझ्या बायकोने लसूण, आलं, मिरची वाटली, कांद्याचा रस पिळला, लिंबू घातलं, मटणाला चोळून मुरवत ठेवलं. चांगलं झालं होतं. पण नुसतं चांगलं होऊन काय उपयोग? समोरच्यापेक्षा चांगलं झालं का, हे कळायला समोरच्याचं चाखायला हवं. मी स्वतः तर जाणार नव्हतो, जीव गेला असता. म्हणून आपले शिंपीकाका, ते बघा, दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेत, त्यांना मी गळ घातली. त्यांनी रोज सकाळी समोरून पावशेर मसाला लावलेलं मटण आणायचं, त्यातला एक तुकडा मला द्यायचा, बाकीचं घरी न्यायचं. तो तुकडा आम्ही तव्यावर टाकायचो, नवरा-बायको निम्मा निम्मा खायचो आणि आपल्या पातेल्याकडे वळायचो. त्यांची मिरी पुढे आली की आमच्या मसाल्यातही यायची. त्यांनी सिरका घातला की आमच्याकडे बाटली फुटायची. बायकोचा मूळ मसाला काय होता, ते आज तिलाही आठवत नाही.

आणि ह्याच शिंपीकाकांनी रोज माझ्याकडचंही पावशेर नेलं आणि त्यातला एक तुकडा त्यांना पोचवला. तिकडेही तवा तापत होता. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो असा. काका, टाळ्या तुमच्यासाठी आहेत, वर बघा.

आता मी आभाराकडे येतो. पण त्याआधी मिठाचं सांगून टाकतो, कारण इथल्या निम्म्या मंडळींचा त्यावरून माझ्यावर राग आहे.

गेल्या वर्षी एका सकाळी समोरचा तुकडा खारट लागला. बायको म्हणाली, हात चुकला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा खारट. मी म्हटलं, हा माणूस एकदा चुकेल, दोनदा नाही, यात काहीतरी युक्ती आहे. ऋतू बदलतोय, मांसाला पाणी सुटत असेल, त्यांनी काही विचार केला असेल. मीही मीठ वाढवलं. पुढच्या आठवड्यात त्यांचं आणखी वाढलं, मग माझंही. बायको म्हणाली, "तुम्हाला स्वतःची जीभ आहे की नाही?" आहे ना. पण त्यांच्या जिभेपुढे माझी जीभ मी कधी खरी मानलीच नाही.

तुम्ही तक्रार केलीत, मला मान्य आहे. माझ्याकडून चिडून त्यांच्याकडे गेलात आणि तिथेही तेच, म्हणजे आगीतून फुफाट्यात. डॉक्टरसाहेब, आपल्या रस्त्यावरच्या लोकांचा रक्तदाब एकदम का वाढला म्हणून तुम्ही हैराण होतात. ते कारण इथे व्यासपीठावर बसलं आहे आणि दुसरं कारण भाषण करतं आहे. हसा, हसा. मीही तेव्हा हसलोच असतो. पण ज्या माणसाला तोंडाला चवच राहिली नाही, त्याला मीठ काय आणि साखर काय…

थांबा. हे बोलायचं नव्हतं.

वहिनी, कपाळाला हात लावू नका. मिठाची गुळणी धरून बसेन असा शब्द दिला होता मी यांना. गुडघे दुखतात म्हणून दुकान बंद करतोय, असं सगळ्यांना सांगायचं ठरलं होतं. ओघात बोलून गेलो. आता… ते हातानेच सांगताहेत, बोल म्हणून. बरं. आता अर्धवट सोडलं तर बाहेर तिखटमीठ लावूनच पसरेल. त्यापेक्षा मीच सांगतो.

एका सकाळी काकांनी आणलेला तुकडा गोड लागला. लग्नाच्या जेवणासारखा गोड. बायकोने घास बाजूला काढून ठेवला आणि म्हणाली, ही काही युक्ती नाही. मी तसाच उठलो, हातही पुसले नाहीत, आणि रस्ता ओलांडला. त्यांच्या पायरीवर मी पहिल्यांदाच चढत होतो. गिऱ्हाइकं उभी होती. त्यांना वाटलं, आता हाणामारी होणार. मी वाकून यांच्या कानाशी म्हटलं, "आजचं विकू नका."

"खारट झालंय?"

"गोड झालंय."

त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. मग गिऱ्हाइकांना म्हणाले की आज मसाल्याचं संपलं. पातेलं काठोकाठ भरलेलं सगळ्यांना दिसत होतं, तरी सगळे पिशव्या घेऊन पायरी उतरले. लोक गेल्यावर ते ओंडक्याशेजारच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मला काही कळत नाही रे. तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. सगळं ओल्या कागदासारखं लागतं." मी विचारलं, मग वर्षभर मसाला केलात कसा? म्हणाले, "तुझ्यावरून. तुझा तुकडा हिला चाखायला द्यायचो, आपला नाही, हिला कळलं असतं म्हणून. ही म्हणायची, समोरच्याचं खारट आहे. मला वाटायचं, आपलंच कमी पडतंय."

मी म्हटलं, अहो, मी तुमच्यावरून वाढवत होतो.

आम्ही दोघं हसलो. फार हसलो. मग ते हसायचे थांबले आणि मला मात्र थांबता येईना, कारण थांबलो असतो तर रडलो असतो. इतकी वर्षं ज्या माणसाच्या मी मागे चाललो, तो वर्षभर अंधारात हात पुढे करून चालला होता, तोही माझ्या मागे. आणि मी रोज सकाळी त्यांचा घास खात होतो. माझ्या तोंडात पुरावा होता. मला का कळलं नाही? तुमच्यापैकी कोणाला कळायचं कारण नव्हतं. मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी त्यांच्याकडे जायला लागलो, त्यांचा मसाला चाखायला. सोपं वाटलं होतं. ते विचारायचे, कसं आहे? मी म्हणायचो, चांगलं आहे. "चांगलं म्हणजे कसं?" आता काय सांगणार? मंडळी, तुम्ही कधी चव सांगून बघितली आहे का? म्हटलं, आंबट आहे. किती? म्हटलं, एक डोळा बारीक होतो इतकं. तिखट? कानापर्यंत जातं, पण बसत नाही तिथे. आणि लसूण? म्हटलं, लसूण मागून येतो. "मागून म्हणजे?" गिळल्यावर. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, गिळला आणि वाट बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "नाही आला."

त्या दिवशी मी माझ्या दुकानात येऊन फळीला पाठ लावून उभा राहिलो. गिऱ्हाईक दोनदा म्हणालं, अर्धा किलो. मला सुरी कुठे ठेवली ते आठवेना.

डॉक्टरसाहेब, तुम्हाला मी विचारून विचारून भंडावलं आहे. तुम्ही म्हणता, कधी परत येते, कधी येत नाही, वाट बघा. राग मानू नका, पण हे तर मीही सांगितलं असतं, आणि मी मटण विकतो. तुम्ही तरी काय करणार म्हणा.

मग त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. मी पुष्कळ सांगितलं. म्हटलं, तुम्ही फक्त उभे राहा, दोन्ही पातेली मी चाखतो. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या जिभेवर किती दिवस धंदा करायचा?" मी म्हटलं, मी काय दुसरा आहे? म्हणजे बघा, ज्या माणसाशी आयुष्यात धड बोललो नव्हतो, त्याच्याशी मी असा भांडत होतो. वहिनी आतून म्हणाल्या, आता चहा घ्या आणि दोघंही गप्प बसा. चहा झाला. निर्णय बदलला नाही. आता मुलीच्या गावी जाताहेत. मुलगी प्रेमाने बोलावते आहे, जावई चांगला आहे, त्यांचं भलं होणार आहे. याला मी नाही कसं म्हणू? आणि होय तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

माझी अडचण मात्र कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. परवापासून समोरची फळी लागलेली असणार. तवा तापेल आणि त्यावर टाकायला समोरचा तुकडा नसेल. माझं पातेलं मी कशाशी ताडून बघू? मी त्यांना विचारलं. म्हणाले, तू तुझ्या चवीने कर. माझी चव? माझी चव कोणती, हे मला माहीतच नाही हो. मी आयुष्यभर त्यांच्या मसाल्याच्या मागे गेलो, ते माझ्या मागे आले, आणि मुळात कोण पुढे होतं ते आता दोघांनाही सांगता येत नाही. लोक म्हणतात, समोरचं दुकान बंद झालं, तुमचं बरंय. असं मला कोणी तोंडावर म्हटलं की नाकाला मिरच्या झोंबतात. काय बरंय?

असो. अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत.

आभार मानतो. मंडळाने हा कार्यक्रम केला, पुष्पगुच्छ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, त्याबद्दल मंडळाचे आभार. डॉक्टरसाहेब दवाखाना बंद ठेवून आले, त्यांचे आभार. वहिनींचे आभार मानायला माझी लायकी नाही, तरी मानतो. शिंपीकाकांचे आभार, त्यांच्यामुळे आम्ही दोघं इतकी वर्षं न बोलता एका ताटात जेवलो.

आणि एक विनंती आहे. यानंतर खाली जेवण आहे. त्यातल्या मटणाला मसाला मी लावला आहे. काल मी समोर चाखायला गेलो नाही, काकांनाही पाठवलं नाही. पहिल्यांदाच माझा मीच लावला. कसा झालाय, मला कळत नाही. बायकोला विचारलं, ती म्हणते, "मला विचारू नका, मला धडधडतंय." जेवताना यांच्या शेजारची खुर्ची डॉक्टरसाहेबांसाठी ठेवली आहे. साहेब, तेवढी मला द्या. कारण पहिला घास घेतल्यावर ते माझ्याकडे वळून विचारणार आहेत, कसं झालंय? आणि काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. माझ्याजवळचे शब्द संपले आहेत.

म्हणून तुम्हाला हात जोडतो. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, जे बोलू नये ते बोलून गेलो असेन, तर ते पोटात घाला. जेवणातलं मात्र पोटात घालू नका. रीत म्हणून छान छान म्हणू नका, मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नको. मीठ कमी असेल तर कमी म्हणा, मिरी लागली तर लागली म्हणा, लसूण कधी आला, कुठे आला, जसं लागेल तसं बोला. आणि जरा मोठ्याने बोला. त्यांच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.