डिक्कीतली वाळू

मी अळणावरचा. जुन्या हुबळीत राहून पन्नास वर्षं होत आली, तरी कुणी विचारलं तर अळणावरचाच म्हणतो. नाव परशराम, लोक परसू ड्रायव्हर म्हणतात. आमचे अप्पा तिथल्या डेपोत लाकडाचे ओंडके चढवायचे. मी तिसरीपर्यंत कन्नड शाळेत गेलो, तिसरीत मास्तरनं हातावर रूळ मारला, मी पाटी तिथंच टाकलो आणि जाऊन लॉरीवर चढलो, ते उतरलो एकदम म्हातारा होऊन. मराठी घरात बोलतो, वाचायला धड येत नाही, म्हणून तर ताई, तुम्ही लिहा, मी बोलतो. आणि गोड करून लिहू नका. माझी बायको गेली त्याची गोष्ट हाय ही, गोड कुठनं होणार.

लाकडाची लॉरी म्हणजे काय सांगू तुम्हाला, स्टेरिंग एवढं मोठं, अर्धा वेढा फिरवलो तर गाडी आधी विचार करायची आणि मग वळायची, आणि ब्रेकवर पाय ठेवायचा नाही, ब्रेकवर उभं राहायचं. भरलेली लॉरी शहाणी, रिकामी लॉरी वेडी, असं आम्ही म्हणायचो. रिकामी झाली की मागनं उड्या मारते, खड्ड्यात टणाटण, मणका सैल होतो माणसाचा. म्हणून परत येताना हौद्यात चार दगड नाहीतर वाळूची पोती टाकायची, नुसतं वजनाला. सगळेच टाकायचे. कुणी शिकवलं नाही, कुणी चूक म्हटलं नाही. पुढं वय झालं तसं तारिहाळला एका कारखान्याची बस चालवलो, कामगार न्यायचे, आणायचे, आणि मग घरी बसलो.

बायकोचं नाव रत्ना. गल्लीत रत्नक्का म्हणायचे. चाळीस वर्षं मी गाडी चालवलो आणि ती एकदाही माझ्या गाडीत बसली नाही, खोटं नाही सांगत. लॉरीच्या केबिनमध्ये बायकोला घ्यायचं नाही ही आमच्यातली पद्धत, अपशकून म्हणायचे, आणि कारखान्याची बस कारखान्याची. ती कधी काही बोलली नाही. एकदाच म्हटली, अवो, तुमचं डायवरपण मी लोकांच्या तोंडनंच ऐकायची काय. मी म्हटलो गप्प बस, भाकरी वाढ. असंच बोलायचो मी. आता त्याचं काय करू.

मग तिला ते झालं. छातीत गाठ, काढली, बरं वाटलं, दीड वर्षानं कंबर दुखायला लागली, आणि फोटो काढल्यावर डाक्टर म्हटले हाडात उतरलंय. मांडीचं हाड आतनं पोकळ झालंय, जपा, करंट देऊया, म्हणजे ते रेडिएशन, दुखणं कमी होईल, चालती राहतील. रोज यायचं, रविवार सोडून पाच आठवडे. दवाखाना धारवाडच्या रस्त्यावर, आमच्या घरापासनं लांब. रिक्षात घालून नेलो पहिल्या दिवशी, तर ती उतरताना पांढरी पडली होती, ओठ चावून रक्त आलं होतं. मी म्हटलो हे जमणार नाही.

आमचा विनायक तेव्हा पुण्याहनं परदेशी निघाला होता नोकरीला. त्याची गाडी होती, लाल, छोटी. म्हटला अप्पा, गाडी सोडून जातो, आईला न्यायला होईल, तुम्ही काय, झोपेत पण चालवाल. मी गाडी बघून हसलो. म्हटलो ही गाडी हाय की खेळणं, लिंबाएवढी. तो म्हटला अप्पा, लिंबू म्हणू नका, इंजिन मोठ्या गाडीचं हाय, वजन काही नाही, म्हणून पळते, शर्यतीवाल्या पोरांच्या पसंतीची गाडी हाय ही, जपून. मी म्हटलो तू मला शिकवायलाय काय रे, तुझा बाप घाटातनं वीस टन सागवान उतरवलाय. आणि तो गेला विमानात बसून.

पहिल्या दिवशी चावी फिरवलो, पाय ठेवलो, लॉरीचा पाय, दुसरा कुठला आणू, आणि गाडी अशी उडाली की गल्लीतल्या कोंबड्या भिंतीवर. स्टेरिंग जरा हलवलो, टीचभर, गाडी निघाली सरळ किराणा दुकानात. नुसतं शिंकलं तरी वळते ती. ब्रेकला पाय लावलो तर रत्नाचं डोकं पुढं. चाकं अशी पातळ, रस्त्यावरचा खडा पण खालनं वर पाठीत येतो. दवाखान्याला पोचेपर्यंत ती आई गं, आई गं करत होती, आणि पोचल्यावर म्हणते, अवो, मी सागवान नव्हं, माणूस हाय. दुखण्यात पण असं बोलायची. कंपाऊंडर हसला. मी नाही हसलो.

मग मी ठरवलो, ही गाडी हातात आणायची. माझ्याकडं दुसरं काय होतं करायला? औषध डाक्टरचं, देव तिचा, रस्ता तेवढा माझा. रविवारी तारिहाळला कारखाने बंद असतात, रस्ते मोकळे, एकटाच गेलो आणि फिरवत बसलो, सत्तरीचा माणूस, शिकाऊ पोरासारखा. पाय उचलून बघितलो, हात सैल सोडून बघितलो. खरं सांगू, चाळीस वर्षांची सवय ही हाडात असते, ती काढायला गेलं की माणूस उरत नाही मागं. लॉरीला आधी सांगावं लागतं, ही सांगायच्या आधीच करते. रोज दवाखान्याला जाताना रत्ना शेजारी बसून बघायची. म्हणायची, ते स्टेरिंग काय पळून चाललंय काय, एवढं गच्च धरलाय. भाकरी थापताना मी जोर लावते काय? पीठच फिरतंय, मी नुसता हात ठेवते. मी म्हटलो तू भाकरी कर. पण हात जरा सैल केलो, आणि दुसऱ्या आठवड्यात गाडी थोडी सरळ जायला लागली, वळणावर रत्नाची मान लचकेना. पण खड्डे. खड्ड्याला काय करू. मागनं गाडी उडायची, आणि उडाली की रत्ना डोळे मिटायची आणि दरवाजाचा दांडा धरायची. बोलायची नाही आता. ती बोलायची बंद झाली ते मला जास्त लागलं.

माझा जुना सोबती बसप्पा, तो पण लॉरीवालाच, त्याला विचारलो. तो गाडीभोवती फिरला, मागनं एक धक्का दिला, गाडी डुलली. म्हटला, अण्णा, ह्या गाडीत वजनच नाही की, रिकाम्या लॉरीसारखी उडणारच, वजन घाल. आणि मला पण तेच वाटत होतं, खोटं कशाला, मी त्याच्या तोंडनं ऐकायला गेलो होतो. कोपऱ्यावर घराचं काम चालू होतं, तिथनं वाळू आणलो, दोन पोती, डिक्कीत टाकलो. विनायकला विचारलो नाही. कुठल्या गॅरेजवाल्याला विचारलो नाही. सगळं आयुष्य गाडीवर गेलेला माणूस कुणाला विचारणार.

आणि ऐका, पहिल्या दिवशी गाडी मऊ चालली. देवाशपथ. मागनं बसली, दबली, खड्डा आला तरी हिसका नाही. रत्ना म्हटली, आज काय केलाय, पाळण्यात बसल्यागत वाटतंय. मी म्हटलो हात बसला माझा. परत येताना तिला झोप लागली, तोंड थोडं उघडं, पिशवी मांडीवर. मी कधी एवढा खूश झालो नव्हतो, मुलगा झाला तेव्हा पण नाही. तीन दिवस असं चाललं. तीन दिवस मी चांगला नवरा होतो.

चौथ्या दिवशी सकाळी थोडा पाऊस झाला होता, रस्ता नुसता ओला. दवाखान्याच्या अलीकडं बाजूच्या रस्त्याला एक वळण हाय, तिथं वळलो आणि कुत्रं आलं. आलं, हे खरं. मी पाय उचललो आणि ब्रेकवर उभा राहिलो, लॉरीत उभा राहायचो तसा. आणि डिक्कीत पोती सरकली. मला आवाज आला, घस्स करून, एका बाजूला, धप्प. रत्नाला पण आला, ती म्हटली, अवो, मागं काय सरकलं. आणि गाडीचा मागचा भाग सुटला, पाठीमागचं पुढं आलं, आम्ही गरकन फिरलो आणि कट्ट्याला जाऊन लागलो. फार जोरात नाही. गाडीला काही झालं नाही, एक चाकाची टोपी उडाली. कुत्रं पण वाचलं. पण आतमध्ये एक आवाज झाला, वाळलेली फांदी मोडावी तसा, आणि मी लाकडाचा माणूस, मला कळलं काय मोडलं ते. ती ओरडली नाही. नुसती माझ्याकडं बघितली.

लोक जमले, निधान, निधान, हळू उचला म्हणून तिला दुसऱ्या गाडीत घातले. दवाखान्यात डाक्टर विचारले कसं झालं. मी तोंड उघडलो, आणि माझ्या आधी ती म्हटली, कुत्रं आडवं आलं, ह्यांनी वाचवलं त्याला. स्ट्रेचरवर पडून, मांडीचं हाड मोडलेलं, असं म्हटली. विनायकला फोनवर पण तेच. गल्लीतल्या बायका आल्या, त्यांना पण तेच, वर आणखी, हे होते म्हणून वाचलो, दुसरा डायवर असता तर दोघं गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसप्पाला घेऊन गाडीकडं गेलो. पोती काढून वाळू तिथंच रस्त्याकडेला ओतलो. बसप्पा म्हटला, यारिगू हेळबेड, कुणाला सांगू नको. मी नाही सांगितलो. बसप्पा त्यानंतर आमच्या घरी आला नाही.

ऑपरेशन झेपणार नाही म्हटले, वजन लावून पाय बांधला, मग घरी पाठवले. करंट राहिलेला राहिला, हलवता येईना तर नेणार कसं. अडीच महिने ती कॉटवर. मी सगळं केलो, अंग पुसलो, भांडं लावलो, पेज भरवलो. डाक्टर मला बाजूला घेऊन म्हटले, काका, मनाला लावून घेऊ नका, ते हाड अंथरुणात कूस वळताना पण मोडलं असतं. चांगला माणूस. पण आपोआप मोडलं असतं आणि ते मी मोडलो, ह्यात फरक हाय की नाही, तुम्हीच सांगा. शिकलेल्या माणसाला तो दिसत नाही, मला दिसतो.

एकदा दुपारी तिचे केस विंचरायलो होतो, आणि म्हटलो, रत्ना, ती वाळू. एवढंच म्हटलो. ती म्हटली, गप्प बसा. मग जरा वेळानं म्हटली, पाणी द्या. मी पाणी दिलो. तिला माहीत होतं ताई, पोती सरकली तेव्हापासनं माहीत होतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी वाट बघायचो शिवीची. ती गेली त्या सकाळपर्यंत वाट बघितलो, आणि ती काय म्हटली, तर खिडकी लावा, धूळ यायली. बस. त्यानंतर काही नाही.

विनायक आला, बारावं-तेरावं केला, जाताना माझ्या गळ्यात पडून म्हटला, अप्पा, कुत्रं आलं त्याला तुम्ही काय करणार. मी लाकडासारखा उभा. आता फोन करतो, तेच म्हणतो. गाडी विकूया म्हणतो. मी म्हणतो राहू दे, आणि का राहू दे ते मला पण माहीत नाही.

बॅटरी उतरते म्हणून दोन दिवसांआड काढतो गाडी, त्याच रस्त्यानं जातो, दवाखान्यासमोरनं वळून परत येतो. आणि काय सांगू तुम्हाला, आता ती गाडी हातात बसलीय. खरंच बसलीय. डिक्कीत काही नाही, मागच्या सीटवर काही नाही, दोन बोटं स्टेरिंगवर, नजर लांब, वळणाच्या आधी पाय सोडायचा, वळणात काही करायचं नाही, काही म्हणजे काही नाही. एवढंच होतं. एवढंच शिकायचं होतं, आणखी दोन आठवडे दिले असते तर आलं असतं. हलकी गाडी हलकीच चालवायची असते, तिला जड करायची नसते. हे मला एखादं पोरगं सांगितलं असतं, मी विचारलो असतो तर.

परवा गल्लीतली काशव्वा आली, तिच्या सुनेचे दिवस भरलेत, म्हटली, परसू अण्णा, तुझ्यासारखा डायवर कुठं मिळणार, वेळ आली तर नेशील काय दवाखान्याला. मी म्हटलो गाडी बंद पडलीय. गाडी दारात उभी, बॉनेट अजून गरम, तिनं हात पण ठेवला होता त्याच्यावर. ती बघितली माझ्याकडं आणि गेली. बायकांना कळतं. कळतं आणि बोलत नाहीत, हेच मला सोसत नाही.

विनायकला हे फोनवर सांगायचं म्हणून चार वेळा तोंड उघडलो. तो म्हणतो, अप्पा, जेवलात काय. मी म्हणतो, जेवलो. म्हणून तुम्ही लिहा. वाळू लिहा, दोन पोती लिहा. त्याला पाठवा, मग तो बोलला माझ्याशी तर बोलला, नाही बोलला तर बरोबर हाय त्याचं. मन हलकं होईल म्हणून सांगितलो असं समजू नका, काही हलकं झालं नाही, सकाळी होतं तेवढंच हाय. पण तिचं खोटं ती बरोबर घेऊन गेली, मी किती दिवस त्याच्यावर जेवायचं?

लांबनं आलाय, ऐकून घेतलाय, तुम्हाला आशीर्वाद द्यायला पाहिजे. मोठं काही येत नाही मला. तुमच्यापायी तुमच्या माणसांना कुणापुढं खोटं बोलायला लागू नये, एवढंच.