आज आई आत येणार नाही

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाई सुजलेलं बोट सांभाळत बसल्या होत्या. कान मात्र शेजारच्या मायलेकींकडे लागले होते.

"आई, काल मला अठरा पूर्ण झाली. आज मी एकटीच आत जाणार."

"जा की, बाई."

"डॉक्टर मला विचारतात आणि उत्तरं तू देतेस."

"आज तोंडाला कुलूप. झालं समाधान?"

"हं. आई, मला कुठल्या गोळीनं पुरळ येतं गं?"

"मोठ्या माणसांना ठाऊक असतं ते."

"सांग ना!"

"तापाच्या पिवळ्या गोळीनं."

नाव पुकारलं. लेक ऐटीत आत गेली. थोड्या वेळानं दार किलकिलं झालं.

"आई, ये ना."

"डॉक्टर बोलावतायत?"

"नाही. इंजेक्शन आहे. नुसता हात धर. बोलणार मीच!"