हसतमुखाने

पूनम सागर संकुलातल्या बालरोगतज्ज्ञांकडे नंबर यायला वेळ होता. उर्मिलाताई नातीला थोपटत बसल्या होत्या. शेजारी एक जोडपं होतं. तापलेलं पोर बाईच्या खांद्यावर, पीएच.डी.चा जाडजूड थिसिस नवऱ्याच्या मांडीवर. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान काही मिटता येत नाहीत.

“नीलम, उद्या व्हायवात विचारतील, सगळे थर एकत्र का धरले?”

“अंग बघ याचं. ताप उतरतोय का?”

“उतरेल गं. सांग ना पटकन.”

“तुझ्या सुपरकंडक्टरमध्ये तांबं-ऑक्सिजनचे थर असतात, एकावर एक. एका थरातले इलेक्ट्रॉन मिळून डोलले की वरखालचेही डोलतात. तू एकच थर धरून दोन वर्षं गणित घासत बसलास, म्हणून त्या डोलण्याची लाट प्रयोगाशी जुळेना.”

“हां, मग तू म्हणालीस…”

“म्हणाले नाही, जितू. करून दिलं. सार्थक पोटात असताना.”

“मग आभारात लिहिलंय की तुझ्याबद्दल.”

“काय लिहिलंयस?”

“हेच, की घराची सगळी जबाबदारी हसतमुखाने सांभाळणाऱ्या माझ्या पत्नीचे आभार.”

“छान.”

“अगं, सगळे असंच लिहितात. बरं, दोन थरांमधलं अंतर वाढवलं तर लाटेचं काय होतं? सर तिथेच पकडणार मला.”

आतून सार्थकच्या नावाची हाक आली. पोराला सावरत ती उठली.

“मला काय विचारतोस? मी घर सांभाळते. हसतमुखाने.”