भुयारमालेचा पहिला भाग

“सांगून पटायचं नाही, शकूताई, पण भुयारमालेचे बाराही भाग मी तीनतीनदा वाचलेत!” डोंबिवलीच्या वाचनालयाच्या रांगेत ठाकुर्लीचे गुणाजीराव म्हणाले.

शकूताई आधीच मेटाकुटीला आल्या होत्या. “गेल्या खेपेला तुम्हीच सुचवलेलं पुस्तक मामंजींनी भिरकावलं. पाय प्लास्टरमध्ये असला तरी हात मोकळे आहेत त्यांचे! आठवड्याला एकच पुस्तक मिळतं हो.”

“मग हा पहिला भाग न्या. शेवटाला मी ढसाढसा रडलो.”

“हीच प्रत वाचलीत?”

“हीच! दुसरी आहे कुठे? शेवटच्या पानावर माझ्या आसवांचे डाग सापडतील.”

शकूताईंनी पुस्तक उघडलं.

“डाग कसले सापडतायत? पानं छापखान्यातून आली तशी कडेला एकमेकांना जोडलेलीच आहेत, गुणाजीराव. अजून कुणी कापलीच नाहीत!”