पाचवा गिअर

“व्रताच्या दिवशी दुसऱ्यांच्या बोलण्याला कान देऊ नये,” सासूबाई सांगायच्या. पण आज व्रत असतानाच ठाण्यात खोपटला एसटीच्या रांगेत मंदाकिनीच्या पुढेच मामा-भाचे उभे होते आणि त्यांचं बोलणं कानावर पडत होतं.

“मामा, रेसच्या गाडीला पाच गिअर टाक ना.”

“चारशे मीटरच्या रेसला चार पुरे, अनिमेष. दर बदलाला वेळ जातो. पहिला गिअर जरा लांब, कमी जोराचा ठेवू, नाहीतर चाकं जागीच फिरतील.”

“अरे, पण हायवेवर चौथ्यातच इंजिन बोंबलेल!”

“बोंबलू दे. ट्रॅकवर टेम्पोतून ने.”

“वरातीसारखी? पोरं हसतील!”

“हसू देत. रस्त्यावर रेस लावून आयसीयूत पडलेलास, तेव्हा ‘पुन्हा रस्त्यावर रेस नाही’ असा तुझ्या आईला शब्द दिलाय मी.”

“मीपण दिलेला.”

“मग पाचवा कशाला हवाय?”

एसटी लागली, मामा चढला. अनिमेष मात्र रांगेतून बाहेर पडला आणि समोरच्या नाक्यावर टेम्पो ठरवायला गेला.