अर्ध्या वडावरची वाघळं

माझं माहेर कुठलं म्हनून इचारता, तर काय सांगू तुम्हाला ताई, माहेराला गावच नव्हतं. आमी धनगर. बाप मेंढरं घेऊन घोडनदीच्या काठानं, शिरूर तालुक्यात हिंडायचा, मुक्काम पडंल तिथं आई तीन दगडं मांडून चूल पेटवायची, असाच कुठंतरी रानात माझा जलम झाला. लगीन ठरलं तवा आई म्हनली, शेवंते, पोरगा मेंढरं राखत न्हाई, दौंडाकडं भीमेच्या काठाला त्यांची जिमीन हाय, तू आता एका जागी ऱ्हाशील. तेवढ्यावरच मी खूश.

सासऱ्यांनी मेंढरं इकून ह्ये ओढ्याकडंचं रान घेतल्यालं, आन् रानाच्या कडंला ह्यो वड. पुरा वाघळांनी भरल्याला. वाघळं म्हंजी घरात शिरती ती बारकी पाकोळी न्हाई बरं का, ही मोठी, तांबूस मानंची, तोंड बघावं तर कुत्र्याच्या पिल्लावानी, दिसभर उलटी लटकनार आन् दिस बुडाला की फळं खायला जानार. मी नवी नवरी, भ्याले. सासूबाई हसल्या, म्हनल्या, ही आपल्या आधीची हायती हितं, आपनच त्यांच्या शेजाराला आलोय. वास येतो, कालवा असतो, पन कवा कुनाच्या वाटंला गेली न्हाईत. ओढ्याला उंबर हायती, जांभळी हायती, त्या काय कुनी मानसानं लावल्या न्हाईत, ह्यांनीच बिया टाकल्या.

तवा अशी झाडं ठिकठिकानी होती. कासुर्डीकडं हायवेच्या कडंला मोठाले वड होते, रस्ता रुंद झाला आन् गेले. केडगावच्या वाटंला एक चिंच होती वाघळांची, तिथं प्लॉट पडले. आन् उसाच्या रानात कोन झाड ठेवतंय, सावलीखाली ऊस वाढत न्हाई म्हनत्यात. तिकडची उठली ती हिकडं आली, आमचा वड जड झाला नुसता. मला वाटायचं, लई झालीत. मला काय म्हाईत, ती दुसरीकडं कुठं न्हाईत म्हनून हितं लई दिसत्यात.

मग त्यो रोगाचा काळ आला. मोबाईलवर कायबाय यायला लागलं, वाघळातनं रोग येतो म्हनून. एक दिस गावातली मानसं आली, फटाकड्यांच्या माळा घेऊन, टायरी घेऊन, आन् वडाखाली जाळ केला. आमचं मालक आडवं आलं, म्हनले, अरं बाबांनो, ह्यांच्याखाली माझा बा निजायचा, त्याला काय झालं न्हाई. कोन ऐकतंय. भर दुपारच्या उन्हात समदी वाघळं उडाली, ताई, पोटाला पिल्लं धरून, वर धूर आन् खाली जाळ, बसायला जागा न्हाई, नुसती गोल गोल फिरत्यात आन् वरडत्यात. ज्यांची पिल्लं सुटली ती खाली पडली. दोन-तीन दिसांत वड मोकळा झाला.

आन् पुढं त्याच आजारानं मालक गेले. दवाखान्यातनं त्यांचं तोंडसुदिक बघाया मिळालं न्हाई. गाव म्हनलं, बघा, वाघळांची बाजू घेतली. आता त्या बिचाऱ्यांचा काय संबंध, ती तर कवाच गेल्याली. घरात मी अशी, आन् भायेर त्यो वड तसा. संध्याकाळची इतकी शांतता व्हायची का मला घरात बसवायचं न्हाई.

किती दिस असंच गेलं. मग एका हिवाळ्यात ओढ्याच्या अंगच्या फांदीला चार-पाच दिसली. म्या कुनाला बोलले न्हाई, सुनंला तेवढं दावलं. मग वाढत गेली हळूहळू. मला वाटलं, चला, आलं समदं मार्गी.

पुढच्याच पावसाळ्यात नातीला ताप आला. आरू तिचं नाव. सून आन् आरू माझ्यापाशी ऱ्हात्यात, माझा ल्योक बाळू रांजनगावला कंपनीत हाय, तिथं खोली करून ऱ्हातो, सुट्टीला येतो. ताप उतरंना, पोरगी डोळं उघडंना, नाकातनं रगत आलं. केडगावला दवाखान्यात नेली, पेशी कमी झाल्यात म्हनले. आन् हिकडं गावात कोनतरी बोललं, पोरगी वडाखाली खेळती, वाघळाचा उष्टा पेरू खाल्ला असंल. झालं. बाळू शिफ्ट टाकून आला, डोळं लाल, मला म्हनला, आये, बा गेला, आता माझी पोरगी चालली, मी त्यो वडच ठेवत न्हाई. म्या म्हनलं, बाळू, डाक्टर काय म्हनत्यात ते आधी ऐक. त्यो म्हनला, तुला पोरगी पायजे का वाघळं? असं इचारलं वं पोटच्या पोरानं. आन् गेला निघून.

म्या डाक्टरला गाठलं, म्हनलं, सायब, खरं सांगा, वाघळाचं हाय का? त्यांनी रिपोट दावला, म्हनले, मावशी, डेंगी हाय ही, डासाची. उष्टं फळ पोरांला देऊ नका ते बरोबर, पन ह्यो ताप त्याचा न्हाई. म्या बाळूला फोनवर फोन लावला, उचलंना. सून पोरीचा हात धरून बसल्याली, तिनंच वर बघितलं आन् म्हनली, आत्या, तुमी जावा, मी हाय हितं. पोरीची तशी गत आन् मी तिला सोडून उठले. आजपत्तोर मला कळंना, कसे पाय उचलले.

एका वळखीच्या पोरानं गाडीवर सोडलं. लांबूनच मशीनची करवत आयकू आली. अर्धा वड भुईवर. वाघळं आभाळात फिरत्यात, आन् खाली पडल्याल्या फांदीला एक मेलेली आई, तिच्या पोटाला पिल्लू जितं, दूध पितंय. मी त्या बुंध्याला पाठ लावून उभी ऱ्हायले, वरडले, बाळू, डेंगी हाय रं, डासाची हाय, आता मला काप आन् मग झाड काप. मशीन बंद झाली. बाळू तिथंच पानांत खाली बसला आन् लहान पोरावानी रडला. म्या त्याच्या डोक्यातला भुसा झाडला. त्यो बी बापच.

आरू वाचली. लई दिस लागले, पन वाचली.

पिल्लं उचलायला वनखात्याची एक बाई आली, हातमोजं घालून, फडक्यात गुंडाळून घेऊन गेली. म्हनली, उघड्या हातानं शिवू नका. ऱ्हायल्याली वाघळं अर्ध्या वडावर दाटीनं बसायला लागली, आन् तिथं सावली कुठली ताई? पुढच्या वैशाखात ऊन असं तापलं, ती पंख हलवून हलवून वारा घ्यायची, अंग चाटायची आन् पटापटा खाली पडायची. पिकलेलं फळ पडतं ना, तसं. बाळूनं सुट्टी टाकली. हिरीवरनं पाइप वढला, फवारनीचा पंप पाठीवर घेतला आन् दुपारभर वर पानी मारत उभा. लाइट गेली की मी आन् सून बादल्या भरून द्यायचो. तरी पाट्या भरून पुरली. बाळू एकेक खड्ड्यात ठेवायचा आन् म्हनायचा, आये, ह्ये माझ्यामुळं. मी म्हनायचे, खड्डा बुजीव आन् पानी मार, अजून वर हायती.

जी वाचली, त्यांना औंदा पिल्लं झालीत. वनखात्याच्या बाई येऊन बघून गेल्या, म्हनल्या, मावशी, वाढत्यात, पन लई सावकास, एका आईला वर्साला एकच पिल्लू. म्हंजी ताई, पहिल्यावानी व्हायला आता माझं आयुष्य पुरायचं न्हाई. आन् परवा शेजारच्या रानात मोजनीवाले येऊन खुटं ठोकून गेलेत, नवा रस्ता जानार म्हनत्यात. कुठनं जातो, कोन सांगत न्हाई. बाळू म्हनतो, आपन जाऊ, भेटू सायबांना. जाईन की. ऐकलं तर ऐकलं.

तुमी एवढ्या लांबनं आलात, चार शब्द लिहून घेतलेत, तुमची लेकरंबाळं सुखी ऱ्हाऊंद्यात. आन् ह्या वरच्यांची बी ऱ्हाऊंद्यात. दुसरं काय मागायचं ताई, आयांनी.